कोल्हापूरहून मगरींच्या शाळेपर्यंत

प्राणी सांभाळण्याचं हुनर कोल्हापूरच्या माणसाला परक्याकडून शिकावं लागत नाही, असं आमचे अब्बा म्हणायचे. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. संस्थानच्या काळात इथे हत्तींची साठमारी होत असे. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवली जाई आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. देशातला चित्ता संपत आला तेव्हा कोल्हापूर दरबाराने तो आफ्रिकेतून आणवला. या चित्तेवानांत आपली मुसलमान घराणीही होती. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी कधी चढवायची, कधी उतरवायची, त्याला किती खाऊ घालायचं, माणसांच्या गलक्याची सवय कशी लावायची, हे सगळं बाप मुलाला शिकवायचा. त्याचं पुस्तक नव्हतं आणि प्रमाणपत्रही नव्हतं.

अब्बांची ही गोष्ट आम्ही मुलांना कौतुकाने सांगत आलो. पण आमच्या भाच्याने एके दिवशी जेवताना सांगितलं, "मामू, मला मगरी सांभाळायला शिकायचंय," तेव्हा आम्हा दोघांचाही घास हातात राहिला.

भाचा आमच्या आपाचा एकुलता एक मुलगा. आपाचं सासर शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. दुल्हाभाई जाऊन बरीच वर्षं झाली. थोडी ऊसशेती, दोन म्हशी आणि शिवणाचं मशीन यांवर आपाने मुलाला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं. त्याच्या चुलत्याचं दुबईत बस्तान आहे. एका गोदामात नोकरी ठरली होती, व्हिसाचे कागदही तयार होत आले होते. अशा वेळी मुलाने मद्रासजवळच्या एका ठिकाणी अर्ज केला, तोही सुरुवातीला पगार नसलेल्या कामासाठी. आपा रात्रीच्या एस.टी.ने कोल्हापूरला आमच्याकडे आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "याला समजावा. नाहीतर मला तरी समजावा."

कृष्णाकाठच्या आईला मगर म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरीने माणसं ओढून नेली आहेत. कपडे धुणाऱ्या बाया, पोहणारी मुलं, मोटारीचा फुटबॉल बघायला पाण्यात उतरलेले शेतकरी. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी मगरींना नदीचा काठ सोडायला लावला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात पुरातल्या एका घराच्या कौलांवर मगर बसलेली साऱ्या देशाने पाहिली. आपण ते चित्र मोबाईलवर पाहून पुढे पाठवतो. आपासारखी बाई ते पाहून गोठ्याचं दार तपासते.

"आणि कोंडून ठेवलेल्या जनावरांची चाकरी कशाला?" आपा म्हणाली. "मांजर कोंडून मारणाऱ्या बाईचं काय झालं, ते हदीसमध्ये आलंय ना?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आम्हीच सुचवलं की सगळ्यांनी मिळून ती जागा डोळ्यांनी पाहायची. मग आपाने हो म्हणावं किंवा नाही, मुलाने ते मानायचं. भाच्याने लगेच होकार दिला. आपाने इस्तिखारा केला आणि दोन दिवसांनी होकार कळवला.

*

फेब्रुवारीतल्या एका दिवशी आम्ही चौघे कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून हरिप्रिया एक्स्प्रेसने निघालो. ही गाडी तिरुपतीला जाते, त्यामुळे डबा यात्रेकरूंनी भरलेला. समोरच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, "तुम्ही पण बालाजीला?" भाचा म्हणाला, "नाही आजी, मगरींना." आजींनी कपाळावर हात मारला आणि आपाकडे अशा नजरेने पाहिलं की दोघींची मैत्री तिथेच झाली. पुढचा सारा प्रवास आमच्या खिम्याच्या पोळ्या आणि त्यांची शेंगदाण्याची चटणी आपापल्या डब्यात राहिली, पण केळी आणि चिवडा मात्र दोन्ही बाकांवर फिरत होता.

रुकडीजवळ पंचगंगा आणि जयसिंगपूर सोडल्यावर कृष्णा ओलांडली. पुलावरून आपा खिडकीबाहेर खाली बघत राहिली. पाणी शांत, दोन्हीकडे ऊस. भाचाही बघत होता. आम्हाला वाटलं, दोघेही मगर शोधताहेत. भाचा काय शोधत होता, ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

मिरज आलं. सतारी आणि तंबोऱ्यांचं गाव. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस गेले तेव्हा त्याच हातांनी भोपळ्याला आकार द्यायला सुरुवात केली. भाचा म्हणाला, "बघ अम्मी, हुनर बदलतं." आपाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बेळगाव, हुबळी, गदग, बल्लारी करत गाडी चालली. रात्री झोप येईना तेव्हा भाच्याने आम्हाला इतिहास सांगितला. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे आपल्या देशातली मगर 1970 च्या सुमारास दुर्मीळ झाली होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत जागा दिली. 1975 मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. नदीकाठची अंडी गोळा करायची, सुरक्षित जागी उबवायची, पिल्लं मोठी करायची आणि मग नदीत सोडायची, अशी ती योजना. आपल्या महाराष्ट्रात ताडोब्यालाही मगरींची पैदास झाली. पण अंडी उबवणारी, पिल्लं जगवणारी माणसं कुठे होती? म्हणून हैदराबादला मगर पैदास आणि व्यवस्थापनाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था उभी राहिली आणि राज्याराज्यांतून वनखात्याची माणसं तिथे शिकायला गेली. मगर सांभाळणं हा शिकायचा विषय आहे, हे आपल्या देशाने तेव्हा मान्य केलं.

"आणि आपल्यात?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. आपल्यातही हे नवं नाही. कराचीच्या मंघोपीर दर्ग्याच्या तळ्यात मगरी आहेत आणि शीदी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यांची देखभाल करत आली आहेत. बांगलादेशात बागेरहाटला खान जहान अलींच्या मजारीजवळच्या तळ्यातही मगरी पाळल्या जात. त्यातल्या जोडीला लोक कालापहाड आणि धलापहाड म्हणत. त्या तळ्यातल्या मगरी कमी होत गेल्या तेव्हा आम्ही जिथे चाललो होतो त्या मद्रासच्या संस्थेतून मगरी बांगलादेशला गेल्या आणि त्यातल्या काही त्या तळ्यात सोडल्या गेल्या. श्रद्धेची बाजू बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. कोंडलेल्या जनावराला कोणीतरी रोज ओळखावं लागतं, नाहीतर ते जगत नाही.

आपा वरच्या बर्थवर होती. आम्हाला वाटलं झोपली. तेवढ्यात आवाज आला, "खान जहान अलींच्या मगरींना पगार कोण देत होतं?"

*

तिरुपतीहून बसने चेन्नई. मुक्काम ट्रिप्लिकेनमध्ये, 1795 मध्ये बांधलेल्या वालाजाह मशिदीच्या जवळच्या एका साध्या लॉजमध्ये. सकाळी फजरनंतर मशिदीच्या प्रशस्त अंगणात कबुतरं उतरली होती. इडली-चहा घेऊन आम्ही महाबलिपुरमकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. डावीकडे समुद्र ठेवून जाणारा हा रस्ता. सुमारे 40 किलोमीटरवर वडनेम्मेली गावाजवळ फाटकावर पाटी दिसते. मद्रास क्रोकोडाइल बँक.

बँक हे नाव आपाला फार आवडलं नाही. "व्याजाची तर नाही ना?" असं तिने विचारलं आणि स्वतःच हसली. कोल्हापूर सोडल्यापासूनचं ते तिचं पहिलं हसू.

ही बँक 1976 मध्ये सुरू झाली. नदीतल्या मगरी संपल्याच तर निदान इथे बीज शिल्लक राहावं, म्हणून हे नाव. रोम्युलस व्हिटेकर आणि झाई व्हिटेकर यांनी ती उभी केली. झाई या मुंबईच्या फतेहअली घराण्यातल्या. वडील झफर फतेहअली पक्षिनिरीक्षक आणि निसर्गरक्षणाचे कार्यकर्ते. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली हेही याच नात्यागोत्यातले. हे ऐकून आपाने भाच्याकडे पाहिलं. "मुंबईच्या आपल्या लोकांतली बाई आणि हे काम?" तिच्या आवाजात आता राग कमी आणि नवल जास्त होतं.

आत शिरल्यावर पहिल्या हौदापाशीच आमचे पाय थांबले. भिंतीच्या पलीकडे, वाळूवर आणि हिरवट पाण्याच्या कडेला, एकमेकींच्या अंगावर डोकी टाकून मगरी पडल्या होत्या. किती, ते मोजता येईना. लाकडाचे ओंडके ओतून ठेवावेत तशा. बऱ्याच जणींचे जबडे उघडे. आम्हाला वाटलं चिडल्या आहेत. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की तोंड उघडून त्या अंगातली उष्णता कमी करतात. मगरीला आपल्यासारखी आतून उष्णता बनवता येत नाही. ऊन आणि सावली, पाणी आणि जमीन यांच्यात ये-जा करून ती शरीराचं तापमान सांभाळते. म्हणून पिंजरा बांधताना चारही गोष्टी द्याव्या लागतात. नुसता सिमेंटचा हौद बांधून पाणी भरलं की झालं, असं मानणाऱ्याने मगर पाळू नये, हा त्यांचा पहिला धडा.

त्या दिवशी सात जण शिकायला आले होते. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या प्राणीसंग्रहालयांचे रखवालदार, एक पशुवैद्य, तीन कॉलेजचे विद्यार्थी आणि आमचा भाचा. आम्हा पाहुण्यांना कठड्याबाहेरून ऐकायची परवानगी मिळाली. हिंदी आणि इंग्रजी मिसळून वर्ग चालला होता. आम्हाला जे समजलं, ते वाचकांसाठी इथे मांडतो.

मगर आठवड्यातून एकदोनदा खाल्लं तरी तिला पुरतं. रोज भरवली तर ती लठ्ठ होते आणि आजारी पडते. पिल्लांना नुसतं बिनहाडाचं मांस घातलं तर कॅल्शियम कमी पडून त्यांची हाडं वाकतात, म्हणून सबंध मासळी किंवा हाडासकट भक्ष्य द्यावं लागतं. कोणी खाल्लं, कोणी नाही, कोणाच्या पायाला जखम आहे, याची नोंद त्याच दिवशी वहीत करायची. एकटं कुणीही कठड्याच्या आत जायचं नाही. एक काम करतो, दुसरा फक्त मगरीवर नजर ठेवतो. मगर हलत नाही याचा अर्थ ती झोपली आहे असा नाही. मादी घरट्यावर असेल तर एरवी गरीब वाटणारीही अंगावर येते.

फेब्रुवारी हा अंड्यांचा हंगाम. आपल्या नदीतली मगर मातीत किंवा वाळूत खड्डा करून साधारण 25 ते 30 अंडी घालते. याच बँकेत असं दिसलं की चांगली राखली तर एकाच हंगामात ती दोनदाही अंडी घालते. दोनेक महिन्यांनी पिल्लं आतूनच आवाज देतात, आई खड्डा उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याने म्हशीचं हाड मोडतं, त्याच जबड्यात वीतभर पिल्लू सुखरूप असतं. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याच्या उष्णतेवर ठरतं. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर जास्त निपजतात, त्याहून गार असेल तर माद्या. अंडी उबवणाऱ्याने तापमापकाकडे दुर्लक्ष केलं तर एका हंगामात सगळी एकाच जातीची पिल्लं निघतील. आपा हे ऐकताना कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवून उभी होती. "सुब्हानअल्लाह," एवढंच ती पुटपुटली.

मग एका मोठ्या मगरीला नावाने हाक मारली. काठीच्या टोकाला बांधलेली खूण पाण्यावर धरली. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. ती एकटी पोहत आली, खुणेला नाक लावलं आणि तिला मासळीचा तुकडा मिळाला. ही कसरत करमणुकीची नाही. हाकेला येणारी मगर दोरी न लावता तपासता येते, जखम पाहता येते, एका हौदातून दुसऱ्यात नेता येते. आम्हाला अब्बांचे चित्तेवान आठवले. त्यांनाही हे ठाऊक असणार.

*

दुपारच्या सुट्टीत आपाने तिचा प्रश्न काढलाच. समुद्राकडून वारा येत होता. झाडाखाली जोहर अदा करून आम्ही बसलो होतो. शिकवणाऱ्या बाई पाणी घेऊन आल्या तेव्हा आपा त्यांना हिंदीत म्हणाली, "बेटी, राग मानू नकोस. पण इतक्यांना असं एकावर एक कोंडणं बरोबर आहे का?"

बाईंनी प्रश्न टाळला नाही. "बरोबर नाही," त्या म्हणाल्या. सुरुवातीला इथे वाढलेल्या मगरी अभयारण्यांत सोडल्या गेल्या. पुढे सोडायला जागाच उरली नाही. नद्यांच्या काठावर वस्ती आली, शेती आली, माणूस आणि मगर यांची गाठ पडू लागली. इथे मात्र त्यांची संख्या वाढत राहिली. एके काळी दोन हजारांच्या वर मगरी इथे होत्या. अलीकडे शेकडो मगरी गुजरातेत जामनगरच्या प्राणीसंग्रहालयात पाठवाव्या लागल्या. आता नवी पिल्लं वाढवायची नाहीत, यासाठी अंडी काढून घेतली जातात. "यांना सोडता येत नाही आणि मारताही येत नाही. मग उरतं ते एकच. जितकं आयुष्य आहे तितकं नीट सांभाळायचं. एक मगर 50 वर्षंही जगते. सांभाळणारा मध्येच सोडून गेला तर?"

आपा बराच वेळ गप्प राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "त्या बाईने मांजर कोंडली आणि तिला ना खायला दिलं, ना सोडलं. सजा त्याची होती." आम्ही मान डोलावली. सोडणं हातात नसेल तर खाऊ घालणं चुकत नाही. कोंडलेला जीव मग अमानत होतो. घरात बसून आम्हाला जे उत्तर सापडलं नव्हतं, ते आपाने स्वतःच शोधलं होतं. तरीही ती हो म्हणाली नव्हती.

दुपारनंतरचा धडा मगर पकडण्याचा होता. एक चार-साडेचार फुटी मगर दुसऱ्या हौदात न्यायची होती. फास वरच्या जबड्यात अडकवायचा, गळ्यात कधीही नाही. डोळ्यांवर ओलं पोतं टाकायचं. अंधार झाला की ती शांत होते. जबडा मिटण्याची ताकद भयंकर, पण उघडण्याचे स्नायू कमजोर, म्हणून मिटलेल्या जबड्यावर चिकटपट्टीचे वेढे पुरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. बाई सावकाश, एकेक शब्द तोडून सांगत होत्या. "मगर थोड्या वेळासाठी जोर लावणारं जनावर आहे. तिला ओढत, झटापट करत राहिलात तर तिच्या रक्तात आम्ल साठतं. तुम्हाला वाटतं ती दमली, शरण आली. काही तासांनी ती मरते. जखम कुठेच दिसत नाही."

एवढं ऐकलं आणि आमचा भाचा वर्गातून उठून चालता झाला.

तो कुंपणाच्या भिंतीपाशी पाठमोरा उभा होता. आपा त्याच्यामागे गेली, आम्ही थोड्या अंतरावर थांबलो. त्याने जे सांगितलं ते आम्हीही ऐकलं.

2021 च्या जुलैचा पूर ओसरल्यावर त्यांच्या गावात उसाच्या सरीत मगर सापडली होती, हे आम्हाला माहीत होतं. भाचा तेव्हा कॉलेजात होता. "मी लांबून पाहिली," असं त्याने घरी सांगितलं होतं. लांबून नव्हे. गावातली पोरं काठ्या-दगड घेऊन आली होती. तोच पुढे झाला. मारू नका, धरून देऊ, असं त्यानेच सगळ्यांना पटवलं. म्हशीचा कासरा आणला, फास केला आणि मगरीच्या गळ्यात घातला. पाच-सहा जणांनी तिला बांधावरून, मग रस्त्यापर्यंत ओढत आणलं. ती गिरक्या घेत होती. अर्धा-पाऊण तास हे चाललं. मग ती गप्प झाली. सगळे खुश झाले. रस्ते पाण्याखाली, त्या रात्री कोणी येणं शक्य नव्हतं. त्यांनी तिला लिंबाला बांधून ठेवलं, वर पाणी मारलं. रात्रभर हा तिच्याजवळ बसून होता. पहाटे ती मेलेली होती.

"जखम कुठेच नव्हती, अम्मी," तो म्हणाला. "मला वाटायचं ती आजारी असेल. आज कळलं. मी तिला वाचवायला गेलो आणि मीच मारलं."

आपाने विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू मला पुन्हा नदीवर जाऊ दिलं नसतंस."

"आताही देणार नव्हते," आपा म्हणाली. मग तिने ओढणीच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, जसं तो लहान असताना पुसायची. "जा. वर्ग चालू आहे. उरलेलं ऐकून ये."

*

निघण्याआधी आपाने इथल्या एका जुन्या रखवालदाराला गाठलं. पन्नाशी ओलांडलेला, गमबूट घातलेला, तमिळ बोलणारा माणूस. हिंदी जेमतेम. आपाने त्याच्या हातांकडे बोट केलं. त्याला कळलं. त्याने दोन्ही पंजे उघडून समोर धरले. आपाने मोठ्याने मोजली. दहा. डाव्या अंगठ्यावर एक जुना व्रण होता. "मगर?" आपाने विचारलं. तो हसला आणि नारळ सोलायचा अभिनय केला.

परतीच्या गाडीत चुलत्याचा दुबईहून फोन आला. व्हिसाचं काय? आपाने फोन भाच्याला दिला नाही, स्वतःच बोलली. "एक वर्ष थांबा भाईजान. पोरगा शिकायला जातोय." काय शिकायला, हे ऐकल्यावर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग चुलता म्हणाला, "इथेही निघालंय की मगरींचं पार्क. 2023 ला उघडलं. अडीचशे मगरी आणल्यात." आपा आमच्याकडे बघत राहिली. "या अल्लाह, दुबईतही?" पण आवाजात थोडी उमेदही होती. आईचं मन, गोदामापेक्षा पार्कचा पगार किती असेल, याचा हिशेब तिने मनात सुरू केला असणार.

कृष्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा भाच्याने खाली पाहिलं, आपानेही. या वेळी आम्हाला ठाऊक होतं तो काय बघतोय ते. उसाच्या त्या सरीकडे.

घरी पोचल्यावर आपाने हो म्हटलं, पण एक अट घातली. दर जुम्याला नमाजनंतर त्याने दोन्ही हातांच्या पंजांचा फोटो पाठवायचा. दहाची दहा बोटं दिसली पाहिजेत.

जाण्याआधी भाच्याने एक काम केलं. गावातल्या तालमीत पोरांना जमवलं आणि जे शिकला ते सांगितलं. नदीकाठच्या आमच्या वाचकांच्या घरीही ते सांगितलं जावं म्हणून इथे लिहितो. पहाटे आणि तिन्हीसांजेला नदीच्या कडेला बसून कपडे-भांडी करू नका. मगर दिसलेल्या जागी रोज त्याच वेळी जाऊ नका, ती सवय ओळखते. मासळीची, कोंबडीची घाण, मेलेलं जनावर नदीत टाकू नका. मे-जूनमध्ये काठावर छोटी पिल्लं दिसली तर त्यांची आई जवळच आहे असं समजा. मगर शेतात किंवा वस्तीत आली तर गर्दी पांगवा, कुत्री बांधा, तिला नदीकडे वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा. दोरी कोणीही लावू नका. गळ्यात तर नाहीच. हे शेवटचं वाक्य सांगताना त्याचा आवाज बसला, असं तालमीतल्या एका पोराने नंतर आपाला सांगितलं. ज्यांनी त्या दिवशी कासरा ओढला होता, त्यातले तिघे पहिल्या रांगेत बसले होते.

पहिल्या जुम्याला आम्ही आपाकडे होतो. तिने शेवयांचा खीरकुर्मा केला होता, ईद नसताना. दोन वाजले, अडीच वाजले, फोन येईना. आपा मशीनवर बसली, उठली, पुन्हा बसली. पावणेतीनला मोबाईल वाजला. फोटोत दोन पंजे. मातीने माखलेले, एका नखाखाली हिरवं शेवाळ. आपाने चष्मा लावला आणि बोटाने पडद्यावर एकेक करत मोजलं. मग मोबाईल आमच्या हातात देत म्हणाली, "तुम्ही पण मोजा. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही."

आम्ही मोजली. दहा होती.